उसन्या दिवसांची फेड

हर्षाली भोये हिचा फोन सकाळच्या चहाआधी वाजायला लागतो. फोन करणारी पोरं-पोरी बहुतेक जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूची, कुणी एम.ए.ला, कुणी एम.एस्सी.ला, एखादा नुकताच पीएच.डी.ला लागलेला. कुणाची शिष्यवृत्ती बँकेत अडकलेली असते. कुणाला प्रयोगशाळेतल्या मुली डब्याच्या वेळी बोलावत नाहीत. कुणाला गाईडचा इंग्रजीतला मेल आलेला असतो आणि त्यात राग आहे की नुसतीच सूचना, हे ठरवता येत नाही. हर्षाली मेल वाचते आणि सांगते, “सूचना आहे. घाबरू नको. जेवलास का?”

जेवलास का, हा प्रश्न तिनं वडिलांकडून घेतलाय. गोकुळ गुरुजींनी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. न जेवलेल्या पोराला पाढे विचारू नयेत, एवढं एकच अध्यापनशास्त्र त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. गाव पोशेरा, मोखाडा तालुक्यातलं. शेत भावाला दिलं, जव्हारला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि निवृत्त झाले. हर्षाली ही त्यांची थोरली. वय एकतीस. लग्नाचं विचारणारे पाहुणे आता विचारून थकलेत.

ती शिकते त्या शहरातल्या विद्यापीठात समान संधी कक्ष आहे. मुख्य इमारतीचा तळमजला, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. आत दोन टेबलं, एक कपाट, पाण्याचा फिल्टर आणि भिंतभर वारली चित्र. नव्या माणसाला चित्र दाखवताना कुणीतरी हमखास हर्षालीकडे हात करतं. ती कोकणा जमातीची आहे, वारली नाही. हे तिनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

कक्षाकडे समुपदेशक आहेत, इंग्रजी लेखनाचे वर्ग आहेत, तातडीच्या मदतीचा निधी आहे. शिवाय ‘सहाध्यायी मार्गदर्शक’ नावाचं पद आहे. म्हणजे स्वतः शिकत असलेल्या कुणीतरी इतर शिकणाऱ्यांना धरून ठेवायचं. ते पद हर्षालीकडे. कामाचे तास आठवड्यातून तीन दुपारी. कक्षाच्या प्रमुख मीना मॅडम मनानं चांगल्या बाई. पोरांची सोय व्हावी म्हणून त्यांनी हर्षालीचा नंबर माहितीपत्रकावर छापला, आणि त्या दिवसापासून दुपार म्हणून काही उरली नाही.

तिचं स्वतःचं पीएच.डी.चं हे सहावं वर्ष. विषय, घरी वेगळी बोली बोलणारी पाड्यावरची मुलं शाळेतली पहिली दोन वर्षं कशी काढतात. मुलाखती झाल्या, नोंदी झाल्या, दोन प्रकरणं झाली. तिसरं प्रकरण, ज्यात तिला स्वतःचं काही म्हणायचं होतं, ते दीड वर्ष पंधरा पानांवर उभं होतं. सोळावं पान लिहायला बसावं आणि कुणाचं तरी वसतिगृह जावं, असं चाललेलं. गाईड सर तिच्यावर ओरडत नसत. ते फक्त चष्मा काढून ठेवत. यंदाच्या जुलैतल्या सादरीकरणात तिसरं प्रकरण दाखवायचं, नाहीतर मुदतवाढीला सही मिळायची नाही, असं त्यांनी चष्मा काढूनच सांगितलं होतं.

सादरीकरण सोमवारी होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी मीना मॅडमनी तिला कक्षात बोलावलं.

“तुमच्याकडची ती मुलगी, तुळशी. एम.एस्सी. रसायन, दुसरं वर्ष. दोन आठवडे पत्ता नाही. फोन लागत नाही. येत्या गुरुवारी प्रकल्पांचं वाटप आहे, स्वतः हजर राहावं लागतं. नाही आली तर वर्ष जाईल आणि वसतिगृहातली जागाही. समुपदेशकांचं म्हणणं, ती सोडणाऱ्यांपैकी वाटते.”

“वांगणीला रेंज नाही, मॅडम.”

“म्हणूनच म्हणते, तू जाऊन आलीस तर?”

हर्षालीनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. गोल करून नाचणारी माणसं. वांगणीला जायचं म्हणजे आज जव्हार, उद्या जीप, पुढं चालत. परत यायला बुधवार. प्रकरणासाठी उरले गुरुवार ते रविवार. जमण्यासारखं होतं. ती ‘जाते’ म्हणाली.

जव्हारला सकाळी निघताना गुरुजींनी तिच्या हातातली छत्री काढून घेतली आणि प्लॅस्टिकचा कागद दिला. “आवणीचे दिवस आहेत. छत्री धरलेल्या माणसाशी शेतातलं कुणी बोलत नाही.”

वावर गावापर्यंत जीपनं आणि पुढं चिखलातून ती वांगणीला पोचली तेव्हा दुपार कलली होती. वावर-वांगणीची नावं एकेकाळी कुपोषणामुळे पेपरात येऊन गेली, मोठ्या गाड्या येऊन गेल्या. रस्ता मात्र त्यांच्यामागून फार पुढं आला नाही. तुळशीच्या घरी ओट्यावर तिचा बाप पुंजा पाय लांब करून टोपली विणत बसला होता. ठाण्याला इमारतीच्या कामावर पडल्यापासून तो पाय वाकत नाही.

“कोणाची ग तू?”

“पोशेऱ्याच्या गोकुळ गुरुजींची.”

“मास्तरांची का? मना चौथीत त्यांनीच परत बसवला.” पुंजानं टोपली फिरवली. “पास नाय केला. बसवला. बेस मास्तर. जा, समदी खालच्या खाचरात हायत.”

भाताच्या खाचरात सात-आठ बाया ओळीनं वाकलेल्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात पाण्यात आत-बाहेर, आणि पाय मागं मागं सरकणारे. पाठीवर प्लॅस्टिक. त्यात तुळशी आणि तिची आई मंगळी शेजारी शेजारी. तुळशीनं हर्षालीला पाहिलं, पण हात थांबला नाही.

“ताई, तुम्ही कशाला आलात?”

“गुरुवारी प्रकल्पाचं वाटप आहे.”

“माहीत हाय.”

“नाही आलीस तर वर्ष जाईल. खोलीपण जाईल.”

“ते पण माहीत हाय.”

“मग?”

“आजचं सोडून चार घरांचा उसना राहिलाय.”

आता हे हर्षालीला समजावून सांगायची गरज नव्हती. डोंगरातल्या गावांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, मजुरीवर होत नाही. आज माझ्या खाचरात तुमच्या घरचं माणूस, उद्या तुमच्या खाचरात माझ्या घरचं. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. मंगळीच्या शेतात यंदा पाऊस धरताच पाच घरांतून दोन-दोन बाया आल्या आणि दिवसात सगळं उरकलं. आज त्यांतलं एक घर फिटत होतं; उरलेल्या चार घरांना मंगळीच्या घरून दोन-दोन बाया जायला हव्यात. पुंजाचा पाय गेल्यापासून घरात हात चारच. दोन मंगळीचे, दोन तुळशीचे. रोप राबात, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, पिवळं पडायच्या आत हे फेडायचं. नाही फेडलं तर कुणी भांडायला येत नाही. पुढच्या वर्षी फक्त कुणी येत नाही.

“कक्षाला सांगायचंस ना,” हर्षाली बांधावरून म्हणाली. “सुट्टीची सोय असते.”

“विचारलं होतं मी. घरी कुणी आजारी असल तर सुट्टी मिळते म्हणाले. कुणी वारलं तर मिळते. आवणीची नाय.” तुळशीनं नवी जुडी सोडली. “आईला आजारी म्हणाया सांगितलं एका मुलीनं. चांगली उभी हाय आई. तिला तोंडानं कशाला पाडू?”

मंगळी पहिल्यांदा बोलली. “पाडली असतीस तरी उठून आवणीलाच आली असते मी.”

ओळ हसली.

हर्षालीनं मग कक्षाकडची शेवटची गोष्ट काढली. तातडीच्या मदतीचा निधी आहे, त्यातून चार मजूर लावू, तुळशीच्या जागी ते काम करतील. मंगळी कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

“लाव की. कुठून आणतंस?”

“गावातून.”

“गावात जो चालता हाय तो कुणाच्या तरी खाचरात उसना फेडतोय. बसून हाय तो एकटा तुळशीचा बा. त्याला लाव.”

ओळ पुन्हा हसली, आणि पुन्हा वाकली. हर्षाली बांधावर उभी राहिली.  चपला केव्हाच चिखलात गेल्या होत्या. तिला मनात एक साधा हिशेब दिसत होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार घरं. शनिवारी संध्याकाळी जव्हार, रविवारी हातात प्रकरण घेऊन बसायचं, सोमवारी जे होईल ते.

“तुळशीच्या जागी मी उभी राहिले तर?”

आता मात्र ओळ थांबली. उद्या जिच्या खाचरात जायचं होतं ती सुकी, साठीची, काटक, तिनं मान वर केली.

“माणसाच्या जागी माणूस चालतो. पण तुला येतंय का?”

“पोशेऱ्याची आहे मी.”

“पोशेऱ्याची नाय. पोशेऱ्याच्या मास्तरांची.” सुकीनं तिच्या पायांकडे पाहिलं. “बघ बाई. उभी राहिलीस की मधून जाता यायाचा नाय. गेलीस तर नाव त्यांच्या घराचा जातंय.”

“नाही जात.”

हे तिनं सात-आठ जणींसमोर म्हटलं. तिला वाटलं होतं, आपल्याला ही पद्धत माहीत आहे. माहीत होती, पण ऐकून. वडिलांनी शेत सोडलं तेव्हा ती पाच वर्षांची होती.

तुळशी बुधवारी पहिल्या जीपनं गेली. जाताना तिनं एकच सांगितलं, “ताई, तीन-चार रोपं एकदम धरा. जास्त धरलीत तर सुकीआजी सगळ्यांसमोर उपटून काढल.”

सुकीआजीनं काढलीच. दुपारपर्यंत हर्षालीनं लावलेली रोपं पाण्यावर तरंगायला लागली. शेजारची मंगळी न बोलता एकेक उचलून पुन्हा खोचत होती. दुसरीकडची पोशी नावाची बाई मात्र बोलत होती. “मास्तरीण, तुझी ओळ कुठं चालली? बाजारला?” संध्याकाळी हर्षालीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि कंबर सरळ होत नव्हती. सुकी बांधावरून तिच्या वाट्याच्या जागेकडे बघत राहिली. रागानं नाही, दुकानदार तराजूकडे बघतो तसं.

“हिचा अर्धा धरायचा.”

“आजी, दिवसभर उभी होते मी.”

“उभी होतीस. लावलंस अर्ध्या बाईचा. माझ्याकडून पुरी बाई गेली होती मंगळीकडं.”

कुणी वाद घातला नाही. मंगळीनंही नाही. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच. हर्षालीनं तिथंच मान्य केलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की चार दिवसांचे आठ झालेत. पुढच्या बुधवारपर्यंत.

गुरुवारी तुळशी वाटपाला हजर राहिली, हे शुक्रवारी कळलं. पाड्यामागच्या टेकाडावर एका आंब्याखाली रेंज येते. हर्षाली तिथं गेली, तुळशीचा निरोप वाचला, मग गाईड सरांना फोन लावला. खालच्या खाचरांत वाकलेल्या बाया तिला ठिपक्यांसारख्या दिसत होत्या.

“सर, सोमवारी मला येता येणार नाही.”

“आजारी आहेस?”

आजारी म्हणाली असती तर विषय मिटला असता. तिला तुळशी आठवली आणि खोटं बोलायचा कंटाळा आला. “नाही सर. आवणी करतेय.”

पलीकडे काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चष्मा निघाला असणार.

“हर्षाली, तू मार्गदर्शक आहेस की विद्यार्थिनी, ते एकदा ठरव. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तिसरं प्रकरण माझ्या टेबलावर. पूर्ण. त्यानंतर मी सही मागायला कुणाकडे जाणार नाही. सहा वर्षं झाली, मलाही वर तोंड दाखवायचं असतं.”

“हो सर.”

सोमवारी तिच्या नावापुढं गैरहजर लागलं तेव्हा ती पोशीच्या खाचरात होती. ओळ जरा सरळ यायला लागली होती. शेवटच्या दिवशी तिनं सुकीला विचारलं, आज तरी पुरी धरली असती का? सुकी म्हणाली, “पाऊण.”

परतल्यावर मीना मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाई खरंच हलल्या. आवणीची आठ दिवसांची रजा असावी म्हणून त्यांनी समितीपुढं विषय नेला. समितीत चांगली चर्चा झाली. शेतीकामाची व्याख्या काय, तलाठ्याचा दाखला लागेल का, मग द्राक्षबागायतदारांच्या मुलांनी मागितली तर काय, असे मुद्दे निघाले. विषय उपसमितीकडे गेला. कक्षाच्या वार्षिक अहवालात हर्षालीच्या नावानं एक चौकट आली, ‘सहाध्यायी मार्गदर्शनामुळे गळती टळली’. फोटो जुनाच होता. चौकट वाचून फोन करणारे वाढले.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. तिसरं प्रकरण सतरा पानांवर आलं. हर्षाली फोन बंद करून बसायची. तासाभरानं चालू केला की सतरा निरोप, आणि त्यांतला एखादा खरोखरच तातडीचा. मोखाड्याचा गोरख म्हणून एक मुलगा त्याच काळात तीन दिवस खोलीबाहेर आला नव्हता. तो निरोप तिला दोन तास उशिरा दिसला. काही झालं नाही, पोरगा नुसता झोपून होता. पण त्यानंतर तिला फोन बंद करायची हिंमत झाली नाही.

दिवाळीला ती पुस्तकं घेऊन जव्हारला आली. सुट्टी संपायला दहा-बारा दिवस होते. घरात फराळ, पाहुणे, शेजारच्या पोरांचे अर्ज भरून देणं. बसायची, उठायची. आई जयवंती दारातून डोकावायची. “चाललंय ना?” “चाललंय.” आईला कळायचं, आणि ती चहा आणून ठेवायची. तो थंड व्हायचा.

अशातच एका सकाळी पहिल्या एसटीनं मंगळी आली. हातात पिशवी, पिशवीतून विळ्याची मूठ बाहेर आलेली. ओटीवर बसून ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “कापणी झाली. झोडणी झाली. पुढच्या आठवड्यात वीटभट्टीवर जगायला जायाचा हाय, भावाच्या बिऱ्हाडासंगं. त्याच्या आधी तुझे दिवस फेडाया आले.”

“काकू, कसले दिवस?”

“आठ दिवस उभी होतीस.”

“ते तर तुमचेच होते. आणि चारच धरले त्यांनी.”

“त्यांनी अर्धे धरले, त्यांचा बरोबर. माझ्यासाठी तू आठ दिवस उभी होतीस. सहा दिवस हायत माझ्याकडं. काय काम हाय?”

“आम्हाला शेत नाही हो,” जयवंती गडबडून म्हणाली. “तुम्ही पाहुण्या. बसा, जेवा, दोन दिवस राहा.”

मंगळीनं पिशवीतला विळा काढून शेजारी ठेवला. गोकुळ गुरुजी पेपर खाली ठेवून बायकोला आत घेऊन गेले. “तिला नाही म्हणू नको. कुणाचं अंगावर ठेवून ती भट्टीला जायची नाही. काहीतरी काम दे.”

जयवंतीनं नाइलाजानं तांदूळ निवडायला दिला. तो निवडलेलाच होता. मंगळीनं तो अर्ध्या तासात पुन्हा निवडला, ओटी झाडली, मागची मोरी घासली, आणि हात पुसत हर्षालीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हर्षाली फोनवर बोलत होती. फोन ठेवला, तो वाजला. परत बोलली. परत वाजला.

“तुझा काम काय हाय?”

“लिहायचं आहे, काकू.”

“मग लिहीत का नाय?”

हर्षालीनं फोनकडे बोट केलं. मंगळीनं तो उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि बाहेर ओटीवर जाऊन बसली. दार ओढून घेतलं.

आतून हर्षालीला ऐकू येत होतं.

“हालो. ती कामात हाय. कोण तू? कुठला? जेवलास का? मग सांजचा कर.”

थोड्या वेळानं पुन्हा. “हालो. कामात हाय. मेला का कुणी? नाय ना? मग सांजचा.”

आणि दुपारी, “कोण मॅडम? मीना मॅडम? बरा. मी मंगळी, तुळशीची आई. हाव, बेस हाय. नाय, देणार नाय. तिची आवणी चाललीय, मधून उठता येत नाय.”

हर्षालीनं कपाळाला हात लावला. मग तो काढला आणि लिहायला लागली. अठरावं पान तिनं फाडलं आणि पुन्हा लिहिलं. गोरखसारखं काही असलं तर? पण मंगळी प्रत्येक पोराला जेवलास का विचारत होती आणि कुणी धड उत्तर दिलं नाही तरच दार उघडणार होती, हे तिला दोन तासांत कळलं. पहिल्या दिवशी दार एकदाच उघडलं. जेवायला.

संध्याकाळी मंगळी खोलीत आली. “दाखव.”

हर्षालीनं पानं पुढं केली. मंगळीनं ती वाचली नाहीत; तिला वाचता येत नाही. तिनं बोटांच्या चिमटीत जाडी पाहिली.

“एवढाच? दिवसभराचा?”

“चार पानं झाली, काकू. दीड वर्षात झाली नव्हती.”

“तुझा हात इथंबी अर्धाच हाय ग.”

बाहेर गुरुजी हसले, आणि खोकला आल्यासारखं केलं.

सहा दिवस असेच गेले. सकाळी मंगळी ओटीवर, मांडीवर फोन, समोर सुपात निवडायची नागली. संध्याकाळी तासभर हर्षाली सगळ्यांना फोन करी. नवल असं की सकाळचे निम्मे प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटलेले असत. एका मुलानं तर तक्रार केली, “ताई, त्या आजी कोण आहेत? मला म्हणाल्या, साहेबाला इंग्रजी कळतंय तर मराठीपण कळल, जाऊन विचार. मी गेलो. कळलं त्याला.”

सहाव्या दिवशी प्रकरणाचा शेवट राहिला होता. तीन-चार पानं, जास्त नाही, पण तीच अवघड. मंगळीनं पिशवी भरली. जयवंतीनं फराळाचा डबा दिला, तो घ्यायचा की नाही यावर मंगळीनं थोडा विचार केला आणि घेतला.

“दोन राहिले,” ती एसटी स्टँडवर म्हणाली. “ते तुळशी फेडल.”

“राहू दे हो.”

“राहू दे कसा?” ती गाडीत चढली. दोन-तीन दिवसांत ती भट्टीवर असणार होती आणि पावसाच्या तोंडाशी परत येणार होती.  

सुट्टी संपायला दोन दिवस उरले असताना हर्षाली वसतिगृहावर परतली. बॅग उघडली नाही तोच तुळशी दारात. काखेत रसायनशास्त्राचं जाड पुस्तक.

“ताई, फोन द्या.”

“आईनं सांगितलं?”

“दोन म्हणाली.” तुळशीनं फोन घेतला, बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची ओढली आणि पुस्तक उघडलं. तिचा आवाज आईसारखा नव्हता, हळू होता. पण शब्द तेच. “ताई कामात आहेत. जेवलास का? मग संध्याकाळी कर.”

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हर्षालीनं तिसरं प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवलं. चौतीस पानं. सरांनी पहिली दोन वाचली, शेवटची दोन वाचली, चष्मा डोळ्यांवरच होता.

“ठीक आहे. सही करतो. चौथं कधी?”

“बघते सर.”

खोलीवर येऊन ती आडवी झाली. झोप येण्याइतका थकवा होता, पण तो तसाच अंगात बसून राहिला. फोन टेबलावर होता. तुळशी सकाळीच ठेवून गेली होती. तिचे दोन्ही दिवस झाले होते. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नव्हतं.

फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. हर्षालीनं तो तीनदा वाजू दिला.

“हालो, ताई? मी जव्हारचा, यंदाच आलोय. पत्रकावर नंबर होता. झोपला होता का?”

“नाही,” ती म्हणाली आणि उठून बसली. “जेवलास का? मग बोल.”